मधल्या सुट्टीत जन्मलेली भाषा

ग्वाल्हेरनं नाव कमावलं ते कानाच्या जोरावर. तानसेनाची समाधी इथे. तिच्या शेजारच्या चिंचेची पानं चघळली की गळा गोड होतो, ही समजूत इथली. ख्यालगायकीचं आद्य घराणं इथलं. १९१८ साली भातखंड्यांनी माधवराव शिंद्यांच्या आश्रयानं माधव संगीत महाविद्यालय उभं केलं, तेही याच गावात. महाराज बाड्याला लागून शिंद्यांच्या जुन्या वाड्याचं आवार आहे, गोरखी. तिथल्या शाळेत अटलबिहारी वाजपेयी शिकले आणि पुढे अख्ख्या देशानं त्यांची भाषणं कान टवकारून ऐकली. गाणं, बोलणं, ऐकणं यांवर पोसलेल्या अशा गावात ऐकू न येणारं मूल जन्माला आलं, तर त्याच्या शिक्षणाचं काय करायचं याची उत्तरं लोक पटापट देतात: कर्णबधिरांची शाळा, श्रवणयंत्र, वाचाउपचार. पण शाळा सुटल्यावर? संध्याकाळचा खेळ, लेझीम, गॅदरिंगचं नाटक, दिवे गेल्यावर अंथरुणात पडून मारायच्या गप्पा, यांचं काय?

प्रश्न किरकोळ वाटतो. अभ्यासाचं भागलं की खेळाचं बघू, असं आपण ऐकू येणाऱ्या मुलांबद्दलही म्हणतोच. पण कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळांची दोन-अडीचशे वर्षांची कहाणी वाचत गेलं की चक्रावून जायला होतं. या मुलांना लिहिणं, गणित, ओठवाचन वर्गानं दिलं. भाषा मात्र अनेकदा त्यांनी खेळाच्या तासात एकमेकांकडून घेतली. आणि जिथे घेण्यासारखी भाषा नव्हती, तिथे त्यांनी ती चक्क बनवली.

हे असं का घडतं, याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. कर्णबधिर मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. मराठी घरातल्या मुलाला मराठी कोणी शिकवत नाही. आई स्वयंपाक करताना फोनवर बोलते, आजी शेजारणीला आत्याच्या रुसव्याची हकीकत सांगते, बाबा कांद्याच्या भावावरून चिडतात आणि मूल जमिनीवर खेळता खेळता ते सगळं टिपत असतं. घरात कोण कोणाचं कोण, कोणाशी कसं बोलायचं, कशाला हसायचं, कुठे गप्प बसायचं, हे सगळं असंच कानावरून जाता जाता आत उतरतं. कर्णबधिर मुलाच्या घरात माया भरपूर असते, पण हे कानावरून जाणं नसतं. सगळे एकदम हसले की ते खुणेनं विचारतं, काय झालं? उत्तर येतं, काही नाही, नंतर सांगते. ते नंतर बहुतेक वेळा येत नाही. घरातली माणसं आपल्यापुरत्या चार खुणा तयार करतात: जेवण, पाणी, झोप, नको. त्या खुणांवर दिवस निघतो, पण कालच्या दिवसाची गोष्ट सांगता येत नाही आणि उद्याचा बेतही ठरवता येत नाही.

असं मूल पाच-सहा वर्षांचं झालं की कधी तरी निवासी शाळेच्या फाटकाशी येतं. आईवडील माघारी फिरतात तेव्हाची रडारड आपण कल्पनेनं जाणू शकतो. त्या वयात घर सुटणं ही काही लहान किंमत नाही. मग आत काय घडतं? मोठी मुलं त्याला न्याहाळतात आणि त्याचं नाव ठेवतात. हजेरीपटावरचं नाव वेगळं, हे वेगळं. गालावर तीळ असेल तर तिथे बोट टेकवून, कपाळावर खोक असेल तर ती रेघ ओढून, कोणाची कपाळावर येणारी बट, कोणाची भुवई उडवायची लकब. कर्णबधिरांच्या समाजात अशा नाव-खुणा जगभर आहेत, बहुतेकांना त्या शाळेतल्या सोबत्यांकडून मिळतात आणि म्हातारपणापर्यंत टिकतात. शिक्षकांचीही यातून सुटका नाही. त्यांना मुलांनी काय नाव दिलंय, हे काहींना निवृत्त होईपर्यंत कळत नाही.

नावापाठोपाठ बाकीची भाषा येते. मिशीच्या जागी बोट फिरलं की पुरुष, नाकाच्या कडेला चमकीच्या जागी बोट टेकलं की बाई. भारतीय सांकेतिक भाषेतल्या या खुणा कोणालाही एका नजरेत पटतात. म्हणून पुष्कळांना वाटतं, ही भाषा म्हणजे मूकाभिनयच. तसं नाही. १९६० साली अमेरिकेत विल्यम स्टोको या इंग्रजीच्या प्राध्यापकानं दाखवून दिलं की एकेक खूण हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा घटकांत फोडता येते. आपल्या शब्दांचे जसे वर्ण पडतात, तसे खुणांचेही पडतात, आणि त्यातला एक घटक बदलला की अर्थ बदलतो. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते, आणि हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारला जातो. हातांची एक खूण करायला तोंडानं एक शब्द उच्चारण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. तरीही एखादी गोष्ट सांगून पुरी करायला दोन्हींत सारखाच वेळ लागतो, हे अमेरिकी सांकेतिक भाषेच्या अभ्यासात आढळलं. कारण हात एक सांगत असतात तेव्हा चेहरा, नजर आणि खांदे त्याच क्षणी दुसरं सांगत असतात.

मग ही भाषा वर्गात का शिकवली जात नव्हती? त्याचं उत्तर इटलीत आहे. १८८० साली मिलानमध्ये कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिनं ठराव केला की शिक्षण शुद्ध मौखिक पद्धतीनंच, म्हणजे बोलून आणि ओठ वाचूनच व्हावं. ज्यांच्यासाठी हा निर्णय होता, त्यांचा आवाज तिथे जवळजवळ नव्हताच. १६४ प्रतिनिधींमध्ये कर्णबधिर माणूस एकच होता. भारतातली कर्णबधिरांची पहिली शाळा मुंबईत माझगावला बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानं निघाली ती त्याच दशकात, मिलानच्या ठरावाची शाई वाळते न वाळते तोच. १८९३ साली कोलकात्याची शाळा आली, पाठोपाठ दक्षिणेत पाळयंकोट्टैची. देशभर पुढे ज्या शाळा निघाल्या, त्यांपैकी बहुतेकींच्या वर्गांत ओठांवरच भर राहिला. शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता. मुलानं चारचौघांत बोलावं, बाजारात, कचेरीत अडू नये, हीच तळमळ त्यामागे होती आणि थोडंफार ऐकू येणाऱ्या मुलांना त्याचा फायदाही झाला. पण ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ हे तीन वर्ण ओठांवर अगदी सारखे दिसतात. ‘पाट’, ‘बाट’ आणि ‘माट’ यांतला फरक ज्याला डोळ्यांनी ओळखायचाय, त्याच्या कष्टांची कल्पना आरशासमोर उभं राहून कोणीही करून घ्यावी.

वर्गात खुणांना मज्जाव होता. मैदानात, जेवणाच्या पंगतीत आणि वसतिगृहाच्या जिन्यात त्यांच्यावर पहारा ठेवणं कोणाला जमणार? भाषा तिथे जगली. मोठ्या मुलानं धाकट्याला दिली, धाकट्यानं पुढच्या वर्षीच्या नव्याला दिली. पुस्तक नाही, अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. १९७० च्या दशकात मदन वशिष्ठ यांनी जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांच्याबरोबर दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळूर इथल्या खुणा गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा या भाषेचं पहिलं पद्धतशीर संकलन झालं. वशिष्ठ स्वतः कर्णबधिर. हिमाचलातल्या खेड्यात अकराव्या वर्षी त्यांचं ऐकणं गेलं. पुढे दिल्लीत कर्णबधिरांसाठीच्या छायाचित्रण संस्थेत ते शिकायला आले आणि आपल्यासारख्या माणसांच्या घोळक्यात त्यांना ही भाषा सापडली. शहराशहरांतल्या खुणा ताडून पाहिल्या तर शब्दांत फरक निघाले, पण बरंचसं सारखं निघालं. उल्रिके त्सेशान या जर्मन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तर पुढे दिल्ली आणि कराचीच्या खुणा तपासल्या आणि व्याकरण एकच असल्याचं मांडलं. सीमेच्या दोन्ही बाजूंना, कोणत्याही सरकारनं न शिकवलेली एकच भाषा! दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. त्याच्या शब्दकोशात २०१८ साली ३,००० शब्द होते, २०२१ पर्यंत ते १०,००० झाले. त्यातले कितीतरी शब्द कोशात चढण्याआधी कित्येक वर्षं वसतिगृहांच्या अंगणांत नांदत होते.

तरीही कोणी म्हणेल, आधीच्या पिढीची भाषा पुढच्या पिढीनं उचलली, यात एवढं नवल काय? नवल पाहायला मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाला जावं लागतं. १९७७ पर्यंत त्या देशात कर्णबधिर मुलं आपापल्या घरात एकेकटी वाढत होती. एकत्र समाज नाही, म्हणून समाईक भाषाही नाही. त्या वर्षी राजधानी मानाग्वात विशेष मुलांची शाळा सुरू झाली. देशात क्रांती झाली, त्यानंतर ती वाढली, १९८० मध्ये जोडीला व्यवसायशिक्षणाची शाळा आली, आणि १९८३ पर्यंत दोन्हींत मिळून ४०० हून अधिक मुलं जमली. शिक्षक स्पॅनिश ओठवाचन शिकवत होते; फारसं कोणाला साधत नव्हतं. पण मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये मुलांचे हात सतत चालत असत. शिक्षकांना त्यातलं काही कळेना. अखेर १९८६ साली ज्युडी केगल या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंना बोलावलं गेलं. त्यांनी पाहिलं ते असं: मोठी मुलं घरून आणलेल्या खुणांची मिसळ करून कसंबसं भागवत होती, चार-पाच वर्षांच्या वयात आलेली मुलं मात्र त्याच मिसळीतून नियमबद्ध, झपझप चालणारी, व्याकरणशुद्ध भाषा घडवत होती.

ती घडणही मोजता आली. ॲन सेंगस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारावरून गडगडत खाली येणाऱ्या पात्राचं कार्टून दाखवायचं आणि मुलांना ते सांगायला लावायचं. ऐकू येणारा माणूस हातवारे करून सांगतो तेव्हा गोल फिरणं आणि खाली येणं एकाच हालचालीत दाखवतो. पहिल्या पिढीतली मुलंही पुष्कळदा तसंच करत. नंतर आलेल्या मुलांनी मात्र त्या घटनेचे दोन तुकडे केले होते: ‘गडगडणं’ ही एक खूण, ‘खाली जाणं’ ही दुसरी, एकापाठोपाठ एक. हे तुकडे आता सुटे झाले, म्हणून ते दुसऱ्या वाक्यांतही जोडता येतात. मराठी काय, संस्कृत काय, प्रत्येक भाषेचं यंत्र याच युक्तीवर चालतं. माणसाच्या इतिहासात ही युक्ती पहिल्यांदा कधी सुचली, ते पाहायला कोणी हजर नव्हतं. मानाग्वाच्या मैदानावर ती पुन्हा सुचताना शास्त्रज्ञ वही घेऊन बसले होते, आणि ज्यांना ती सुचली, ती मुलं खेळायला बाहेर पडलेली होती.

आता खेळाकडेच वळू, कारण तिथली गंमत वेगळी आहे. आपला खो-खो घ्या. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ पासून त्याला नियमांत बसवायला घेतलं. पाटीवर बसलेले गडी एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात; खो मागून येतो, पाठीवर पंजा टेकतो आणि गडी उसळतो. ‘खो’ हा उच्चार नियमात आहे खरा, पण काम होतं ते स्पर्शानं. ऐकू न येणाऱ्या मुलांनी हा खेळ खेळायला घेतला तर जवळजवळ काहीच बदलावं लागत नाही. कॅरम, बुद्धिबळ, टेबल टेनिस यांचंही तसंच. अडतं ते जिथे शिट्टीवर खेळ थांबतो किंवा बंदुकीच्या बारावर सुटतो तिथे. उपायही साधे निघाले: फुटबॉलच्या पंचानं शिट्टीबरोबर झेंडा हलवायचा, धावण्याच्या शर्यतीत दिवे लावायचे, लाल म्हणजे जागेवर, पिवळा म्हणजे सज्ज, हिरवा म्हणजे सुटा.

काही उपाय तर उलट्या दिशेनं प्रवास करून जगाचे झाले. अमेरिकी फुटबॉलचा सामना टीव्हीवर पाहिलाय? प्रत्येक चालीआधी खेळाडू वर्तुळ करून वाकतात आणि कुजबुजतात. ही पद्धत रुजवण्याचं श्रेय पॉल हबर्ड या कर्णबधिर खेळाडूला दिलं जातं. १८९० च्या दशकात तो वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयाकडून खेळायचा. समोरचा संघही कर्णबधिर असला की पंचाईत व्हायची, कारण मैदानभर उघड्यावर केलेली खूण प्रतिस्पर्धीही वाचायचे. मग हबर्डनं आपल्या गड्यांना वर्तुळात घेतलं आणि खुणा पोटाशी लपवल्या. आज कोट्यवधी प्रेक्षक पाहतात ती चाल अशी, गुपित राखायच्या गरजेतून आली. याच महाविद्यालयाच्या संघानं पुढे मैदानाच्या कडेला भलामोठा ढोल ठेवला. चेंडू कधी सोडायचा ते सांगणारा ठोका खेळाडूंना ऐकू येत नसे. तो अंगात जाणवायचा.

१९२४ साली पॅरिसमध्ये यूजेन रुबेन्स-अल्के या फ्रेंच कर्णबधिर माणसाच्या खटपटीनं नऊ देशांचे खेळाडू जमले आणि कर्णबधिरांची पहिली जागतिक क्रीडास्पर्धा झाली. आजच्या डेफलिम्पिक्सची ही सुरुवात. पॅरालिम्पिक्स सुरू व्हायला अजून ३६ वर्षं होती. या स्पर्धेत भाग घ्यायचा तर चांगल्या कानाचीही श्रवणक्षमता किमान ५५ डेसिबलनं कमी असावी लागते, आणि मैदानात उतरताना श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं, म्हणजे सगळे एकाच शांततेत खेळतात. हरयाणाचा पैलवान वीरेंदर सिंग यानं तिथे २००५, २०१३ आणि २०१७ अशी सुवर्णपदकं घेतली. २०२१ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. ब्राझीलमध्ये मे २०२२ ला झालेल्या स्पर्धेत भारतानं १६ पदकं मिळवली, त्यांतली ८ सोन्याची. बॅडमिंटनच्या सुवर्णविजेत्या भारतीय संघात आमच्या मध्य प्रदेशातली, भोपाळची गौरांशी शर्मा होती.

खेळात ही मुलं कमी पडत नाहीत याला मेंदूचाही हातभार आहे. हेलन नेव्हिल आणि डाफ्ने बाव्हेलिए यांच्या संशोधनातून दिसलं की जन्मतः कर्णबधिर असलेली माणसं डोळ्याच्या कडेला घडणारी हालचाल ऐकू येणाऱ्यांपेक्षा चटकन टिपतात. मेंदूचा जो भाग आवाजासाठी राखलेला, त्याला आवाज आलाच नाही तर तो रिकामा पडून राहत नाही. पाहण्याचं आणि स्पर्शाचं काम अंगावर घेतो. मागून येणारी सायकल, दाराशी उभा राहिलेला माणूस, पंगतीच्या टोकाला हललेला हात, हे सगळं नजरेच्या काठावरून आत येतं. म्हणून अशा शाळेत कोणाला हाक मारायची तर हात हलवतात, दिवा मिचकावतात, नाहीतर जमिनीवर पाय आपटतात आणि फरशीतून निरोप पोचतो.

पाय आपटण्यावरून लेझीम आठवते. आपल्याकडच्या कर्णबधिर शाळांच्या स्नेहसंमेलनात लेझीम आणि नाच असतातच आणि पाहुणे थक्क होऊन विचारतात, ताल कसा कळतो? ताल हा फक्त कानाचा नाही. आपल्या त्वचेखाली कंपनं टिपणारी बारीक ग्रहणेंद्रियं असतात. सेकंदाला साधारण २५० कंपनांच्या आसपास ती सर्वांत संवेदनशील असतात. आता एक हिशेब करा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गवयाचा षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो. म्हणजे ग्वाल्हेर घराण्याचा सा त्वचेच्या आवाक्यात येतो! तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळहात ठेवून कोणीही याची खात्री करून घ्यावी. ढोल आणि हलगी तर छातीतच वाजतात. स्कॉटलंडची तालवादक एव्हलिन ग्लेनी बारा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ पूर्ण बहिरी झाली होती. ती अनेकदा अनवाणी वाजवते, म्हणजे तळपायांना सूर लागतो. चीनच्या ताई लीहुआ आणि तिच्या सहकारी कर्णबधिर कलावंतांनी २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिक्सच्या समारोपात सहस्रहस्त देवीचा नाच केला, तेव्हा एकामागे एक उभ्या असलेल्या २१ जणांचे हात एका देहाचे वाटले. पुढचीला मागची दिसत नव्हती. बाजूला उभे राहून इशारे देणारे शिक्षक आणि महिनोन् महिने घटवलेला श्वास यांवर तो नाच उभा होता. असा कार्यक्रम संपल्यावर टाळ्या वाजत नाहीत. सगळे दोन्ही हात वर करून पंजे हलवतात आणि रंगमंचावरून दाद दिसते.

नाटकाचं तर विचारूच नका. शब्दाऐवजी अंगावर भिस्त असलेल्या मुलांना रंगमंच परका वाटत नाही. कांचन सोनटक्के यांच्या ‘नाट्यशाला’ या मुंबईच्या संस्थेनं विशेष मुलांसाठी नाटक हे शिक्षणाचं साधन म्हणून वर्षानुवर्षं वापरलं, त्यात कर्णबधिर मुलंही आली. शिवाय गॅदरिंगपलीकडचं एक नाटक रोज चालतं: नक्कल. गृहपालांची चाल, आचाऱ्याचा पोळी उलटायचा झटका, तपासणीला आलेल्या साहेबांचं पोट. अमेरिकेतल्या निवासी शाळांत तर एक ते दहा आकड्यांच्या हस्ताकारांत क्रमानं बसवलेल्या गोष्टी सांगायची परंपरा आहे. पहिला शब्द एका बोटाच्या आकाराचा, दुसरा दोन बोटांच्या, असं दहापर्यंत जायचं आणि गोष्टही पुरी व्हायला हवी. आपल्या भेंड्यांच्या तोडीची ही चैन. ती कोणा शिक्षकानं लावून दिलेली नाही.

आणि रात्र? खुणांच्या भाषेला उजेड लागतो. दिवे मालवले की बोलणं तुटतं. जगभरच्या कर्णबधिरांच्या आठवणींत म्हणून एक ठिकाण पुन्हा पुन्हा येतं: रात्री जिथला दिवा चालू राहतो ते न्हाणीघर. तिथे दाटीवाटीनं बसून मोठी मुलं सिनेमाची गोष्ट सांगतात, सुट्टीत घरी काय घडलं ते सांगतात, लग्न, पगार, नोकरी, भांडणं. घरच्या जेवणाच्या ताटावर जे सुटून गेलं होतं, ते सगळं जगाचं ज्ञान इथे सव्याज मिळतं.

शाळा संपली तरी ही सवय सुटत नाही. १९५५ साली दिल्लीत अखिल भारतीय पातळीवर कर्णबधिरांचा महासंघ उभा राहिला, शहराशहरांत मंडळं झाली आणि आठवड्याच्या ठरलेल्या संध्याकाळी माणसं जमू लागली. सर्वांत अजब क्लब मात्र मुंबईच्या लोकलमध्ये चालतो. ॲनेलीस कुस्टर्स या स्वतः कर्णबधिर असलेल्या बेल्जियन संशोधिकेनं अपंगांसाठीच्या राखीव डब्याचा अभ्यास केला. ठरलेल्या गाडीला ठरलेले मित्र चढतात, गप्पा रंगल्या तर आपलं स्टेशन येऊनही लोक पुढे जातात, फलाटावर रेंगाळतात. नोकरीच्या जागा, लग्नाची स्थळं, सभांच्या तारखा तिथेच कळतात. ऐकू येणाऱ्यांना ज्या खडखडाटात बोलणं अशक्य होतं, त्यात यांचं बोलणं बिनअडथळा चालतं. गाडीत बसलेला आणि फलाटावर उभा असलेला, काचेआडूनही निरोप देऊ शकतो.

आज ही सगळी मांडणी हलते आहे. लहान वयात कॉक्लिअर इम्प्लांट झालेली पुष्कळ मुलं नेहमीच्या शाळांत जातात, आईवडिलांजवळ राहतात, चांगलं बोलतात, आणि त्यात आनंदच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेला स्थान मिळालं, २०२० च्या शैक्षणिक धोरणात तिचं प्रमाणीकरण करायचं ठरलं. मिलानच्या ठरावाबद्दल कर्णबधिर शिक्षणाच्या जागतिक परिषदेनं २०१० साली व्हँकुव्हरमध्ये जाहीर खेद व्यक्त केला. मोबाइलच्या पडद्यावर दोन गावांतल्या मैत्रिणी खुणांनी तासभर बोलतात. पण २०११ च्या जनगणनेत ज्यांची नोंद ऐकू न येणारे अशी झाली, ते ५० लाखांहून जास्त आहेत. त्यांच्यातल्या खेड्यापाड्यांतल्या, उशिरा निदान झालेल्या मुलांसाठी निवासी शाळा आजही जगाचं पहिलं दार आहे. साध्या शाळेत एकटंच कर्णबधिर मूल असेल, तर त्याला दुभाषा देता येईल, पुस्तक देता येईल. मधल्या सुट्टीतला घोळका कुठून देणार?

म्हणून एखाद्या कर्णबधिर शाळेला देणगी द्यायला, पाहायला किंवा मूल दाखल करायला जाल, तर ‘किती मुलं बोलायला लागली?’ या प्रश्नाबरोबर आणखी काही विचारा. संध्याकाळी पाचनंतर इथे काय चालतं? मोठी आणि धाकटी मुलं एकत्र खेळतात का? मैदानावर आणि व्हरांड्यात पुरेसा उजेड आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचं, वसतिगृहात, खेळाच्या तासाला, नाटकाच्या तालमीला एखादा कर्णबधिर मोठा माणूस नेमलेला आहे का? पिढ्यान् पिढ्या ज्यांनी जिन्यात आणि अंगणात भाषा पुढे पोचवली, त्यांना पगार देऊन, गृहपाल म्हणून, क्रीडाशिक्षक म्हणून आत बोलवायला फारसा खर्च येत नाही. ऐकू येणाऱ्या पालकांनी त्यांच्याकडूनच आठवड्याला तासभर खुणा शिकल्या, तर सुट्टीत घरी आलेल्या मुलाला ‘नंतर सांगते’ हे उत्तर देण्याची वेळच येणार नाही.